हप्ता आधी, कमाई मागून: लिबरल आर्ट्सच्या पदवीचा हिशेब

मार्च २०२६ च्या शेवटी न्यू जर्सीत ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन कॉलेजांची पत्रं पसरलेली होती. भाचीला इतिहास शिकायचा आहे, जोडीला थोडं संख्याशास्त्र. तिन्ही ठिकाणी प्रवेश मिळाला होता, प्रश्न पैशांचा राहिला होता. भाऊजींनी एक पत्र उचललं आणि तळाची ओळ मोठ्याने वाचली: ‘तुमचा उरलेला खर्च: ०’. ताईचा चेहरा उजळला. मी ते पत्र मागून घेतलं आणि वरपासून वाचायला लागले.

वर्षाचा एकूण खर्च ६८,००० डॉलर. कॉलेजची ग्रँट ४०,०००. त्याखाली विद्यार्थिनीच्या नावाने सरकारी कर्ज ५,५००. मग ‘वर्क-स्टडी’ २,५००. आणि शेवटी ‘पॅरेंट प्लस’ २०,०००. बेरीज नेमकी ६८,०००, म्हणून उरलेला खर्च शून्य. या सगळ्याला पत्रात एकच मथळा होता: ‘आर्थिक मदत’.

यातली मदत फक्त ४०,००० ची. ग्रँट म्हणजे परत न करायचे पैसे. वर्क-स्टडी म्हणजे कॉलेजातच अर्धवेळ काम करायची मुभा: काम शोधायचं, तास भरायचे, तेव्हा पगार येणार, आणि फी भरायची तारीख त्याच्या आधी येऊन जाणार. ५,५०० चं कर्ज मुलीच्या डोक्यावर. आणि पॅरेंट प्लस हे आईवडिलांच्या नावावरचं कर्ज, ज्याचा व्याजदर मुलीच्या कर्जापेक्षा जास्त. म्हणजे या घराला वर्षाला २८,००० डॉलर उभे करायचे होते आणि कागद सांगत होता शून्य.

हे एखाद्याच कॉलेजचं वागणं नाही. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०२२ साली अशी पत्रं तपासली, तेव्हा अंदाजे ९१ टक्के कॉलेजं घराला पडणारा खरा खर्च एकतर सांगतच नव्हती किंवा कमी करून सांगत होती. म्हणून पहिलं काम असं की पेन घ्यायचं, एकूण खर्चातून फक्त ग्रँट आणि शिष्यवृत्ती वजा करायची, बाकी सगळ्या ओळींवर काट मारायची. जो आकडा उरतो तो आपला. तिथे त्याला ‘नेट प्राइस’ म्हणतात. मी त्याला पदरचा खर्च म्हणते. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर उभा राहतो.

आता थोडं त्या पदवीबद्दल, कारण आपल्याकडे ‘आर्ट्स’ म्हटलं की कला शाखा डोळ्यासमोर येते. लिबरल आर्ट्स ही कल्पना त्याहून रुंद आहे. मध्ययुगीन युरोपात त्या सात विद्या होत्या: व्याकरण, तर्क, वक्तृत्व आणि मग अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल. आजच्या अमेरिकी लिबरल आर्ट्स कॉलेजात इतिहास, तत्त्वज्ञान, भाषा, अर्थशास्त्र यांच्या शेजारीच गणित, भौतिकशास्त्र, जीवशास्त्रही शिकवतात. एकाच छपराखाली अर्थशास्त्राची पदवीधर आणि नाट्यशास्त्राची पदवीधर बाहेर पडते, आणि दोघींच्या पहिल्या पगारात बराच फरक असतो. त्यामुळे ‘लिबरल आर्ट्सवाल्यांना किती पगार मिळतो?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. तुमच्या मुलीचा विषय कोणता आणि तिचं कॉलेज कोणतं, इथपर्यंत खाली उतरावं लागतं.

उतरायला एक चांगली जागा आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१५ साली ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. त्यात कॉलेजनुसार आणि बऱ्याच ठिकाणी विषयानुसार, पदवीनंतरची कमाई आणि कर्ज बघता येतं. फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. पण ते वाचताना दोन-तीन गोष्टी माहीत हव्यात. तिथली कमाई फक्त सरकारी मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांची असते. ज्यांनी सगळी फी घरून भरली ते त्यात नाहीत. कर्जाचा मुख्य आकडा सरकारी कर्ज घेतलेल्यांचाच असतो, खासगी बँकेचं कर्ज त्यात नाही, आणि पॅरेंट प्लस वेगळं दाखवलेलं असतं, ते मुद्दाम शोधावं लागतं. आणि लहान कॉलेजात एखाद्या विषयाला वर्षाला आठ-दहाच विद्यार्थी असले, तर कोणाची खासगी माहिती उघडी पडू नये म्हणून तो रकाना रिकामा ठेवतात. लिबरल आर्ट्स कॉलेजं लहानच असतात, त्यामुळे रिकामे रकाने फार भेटतात. त्याचा अर्थ कमाई वाईट आहे असा होत नाही.

शिवाय तिथे दिसणारी रक्कम सरासरी नसते, मध्यक असते, आणि तेच बरं आहे. समजा एका तुकडीतल्या पाच जणांची कमाई आहे ३१,०००, ३६,०००, ४१,०००, ४७,००० आणि पाचवी मोठ्या फर्ममध्ये वकील, २,६०,०००. सरासरी काढली तर ८३,००० येते. पाचांपैकी चौघांनी तो आकडा पाहिलेलासुद्धा नाही. सगळ्यांना कमाईच्या क्रमाने ओळीत उभं केलं आणि मधल्याला विचारलं, तर तो ४१,००० सांगेल. तो मध्यक. कॉलेजच्या चकचकीत पुस्तिकेत ‘आमच्या माजी विद्यार्थ्यांची सरासरी कमाई’ असं दिसलं, की मी आधी मध्यक विचारते.

हा फरक लक्षात ठेवून आता एक गाजलेला आकडा बघू. हार्वर्डमधले अर्थतज्ज्ञ डेव्हिड डेमिंग यांनी २०१९ साली अमेरिकी पुरुष पदवीधरांच्या कमाईची तुलना मांडली होती. २३ ते २५ या वयात संगणकशास्त्र आणि इंजिनिअरिंगवाले सरासरी ६१,७४४ डॉलर मिळवत होते, तर इतिहास आणि सामाजिक शास्त्रंवाले ४५,०३२. म्हणजे सुरुवातीलाच ३७ टक्क्यांची आघाडी. चाळिशीला चित्र पालटतं: पहिल्या गटाचे १,२४,४५८, दुसऱ्याचे १,३१,१५४. इंजिनिअर जोरात पळत सुटतो, पण त्याला शिकवलेलं तंत्र दर काही वर्षांनी जुनं होतं आणि नवीन मुलं ताजं तंत्र शिकून शेजारी येऊन बसतात. लिहिणं, वाद मांडणं, माणसांकडून काम करून घेणं या गोष्टी इतक्या लवकर शिळ्या होत नाहीत. त्या वयाबरोबर व्यवस्थापनात आणि वकिलीत कामी येतात.

पण हे आकडे सरासरीचे आहेत. चाळिशीतल्या त्या १,३१,१५४ मध्ये आपल्या उदाहरणातल्या वकील बाईसारखे लोक बसलेत आणि ते ओढून आकडा वर नेतात, हे डेमिंग यांनीही सांगितलेलं आहे. शिवाय त्या वकिलांनी मधे तीन वर्षं आणि आणखी एक मोठी फी मोजलेली असते. त्यामुळे ‘चाळिशीत इतिहासवाले पुढे जातात’ एवढंच वाक्य हातात धरून कोणी कर्ज काढू नये.

दुसरा आकडा कॉलेजांबद्दलचा. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या शिक्षण आणि रोजगार या विषयाच्या केंद्राने २०२० साली लिबरल आर्ट्स कॉलेजांचा परतावा मोजला, म्हणजे मिळणाऱ्या कमाईतून खर्च वजा केल्यावर हाती काय उरतं ते. ४० वर्षांचा मध्यक परतावा ९,१८,००० डॉलर निघाला, सगळ्या कॉलेजांचा मिळून ७,२३,०००. छानच की! पण त्याच अहवालात १० वर्षांचा परतावाही आहे: लिबरल आर्ट्स ६२,०००, सगळी कॉलेजं १,०७,०००. दूरवर पाहिलं तर जवळजवळ दोन लाखांनी वर आणि जवळून पाहिलं तर चाळीस टक्क्यांनी खाली.

या दोन आकड्यांमधल्या फटीतच लिबरल आर्ट्सचा खरा प्रश्न दडलेला आहे, असं माझं मत झालं आहे. ही पदवी फळते, पण उशिरा. आंब्याच्या झाडासारखी पहिली काही वर्षं पानंच येतात. कर्ज मात्र तेवढं थांबत नाही. पदवी हातात पडल्यापासून सहा महिन्यांत पहिला हप्ता दारात उभा राहतो, नेमका त्या वर्षांत जेव्हा पगार सगळ्यात कमी असतो. ‘इतिहास शिकून पोट भरेल का?’ हे आपण फार विचारतो. त्यापेक्षा ‘पहिली आठ-दहा वर्षं हप्ता झेपेल का, आणि नाही झेपला तर त्या हप्त्याला वाकता येतं का?’ हे विचारलं पाहिजे. सगळी कर्जं वाकत नाहीत.

मुलीच्या नावावरचं सरकारी कर्ज घ्या. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, तिसऱ्या-चौथ्या वर्षी ७,५०० मिळतात. चार वर्षांचे २७,००० होतात. या मर्यादेला लोक नावं ठेवतात, पण मला ती कुंपणासारखी वाटते. व्याजदर दरवर्षीच्या नव्या कर्जासाठी ठरतो आणि त्या कर्जापुरता कायम राहतो. २०२५-२६ साली तो ६.३९ टक्के होता. गरजू घरांसाठी यातल्या काही भागावर शिकत असेपर्यंत व्याज सरकार भरतं. बाकीच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं: पहिल्या वर्षी घेतलेल्या ५,५०० वर, सगळे बिनसवलतीचे असतील, तर चार वर्षं आणि पुढचे सहा महिने मिळून सुमारे १,५८० डॉलर. पोरांना हे कोणी सांगत नाही, त्यामुळे पहिलं बिल बघून ती चक्रावतात.

आता २७,००० या मुद्दलावर ६.३९ टक्केच धरून हप्ता काढू. १ जुलै २०२६ पासून अमेरिकेत कर्जफेडीचे नियम बदलताहेत. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या ‘वन बिग ब्युटिफुल बिल’ कायद्याने ते ठरवले. नव्या कर्जदाराला दोनच रस्ते. एक ठरलेल्या हप्त्याचा: २५,००० ते ५०,००० पर्यंतच्या कर्जाला १५ वर्षं. महिन्याला साधारण २३४ डॉलर, एकूण फेड सुमारे ४२,०००. (मुदतीआधी फेडायला दंड नाही. तीच मुलगी महिन्याला ३०५ भरू शकली, तर १० वर्षांत मोकळी होते आणि एकूण ३६,६०० च जातात.)

दुसरा रस्ता कमाईनुसार हप्त्याचा, त्याचं नाव रिपेमेंट असिस्टन्स प्लॅन. यात हप्ता कर्जावर ठरत नाही, करासाठी धरलेल्या उत्पन्नावर ठरतो, १ ते १० टक्के. उत्पन्न ३८,००० असेल तर ३ टक्के, म्हणजे वर्षाला १,१४० आणि महिन्याला ९५ डॉलर. २७,००० वर महिन्याचं व्याज १४४ च्या आसपास होतं, मग उरलेल्या ४९ चं काय? वेळेवर हप्ता भरला तर न भरलं गेलेलं व्याज माफ होतं, आणि महिन्याला ५० डॉलरपर्यंत मुद्दल सरकार उतरवतं, त्यामुळे कर्ज फुगत नाही. पुढे उत्पन्न ७५,००० झालं, की टक्केवारी ७ वर जाते आणि हप्ता ४३७ होतो. पगार वाढला की हप्ता वाढतो, पगार गेला की तो खाली येतो. अगदी कमी उत्पन्नाला महिन्याला १० डॉलर. तीस वर्षांनंतरही काही उरलं तर ते माफ. तीस वर्षं ही मुदत मला लांब वाटते आणि शक्य असेल त्याने आधी फेडून टाकावं. पण उशिरा फळणाऱ्या पदवीला असाच वाकणारा हप्ता लागतो. मुलगी सरकारी शाळेत शिक्षिका झाली किंवा ना-नफा संग्रहालयात लागली, तर २००७ पासूनच्या सार्वजनिक सेवेच्या योजनेत १२० हप्त्यांनंतर उरलेलं कर्ज माफ होऊ शकतं. इतिहासाच्या पदवीधरांसाठी ही बारीकशी गोष्ट नाही.

आता पॅरेंट प्लस. टेबलावरच्या त्या पत्रात वर्षाला २०,००० लिहिले होते. नव्या कायद्याने वर्षाची मर्यादा तेवढीच आहे, पण एका मुलामागे एकूण मर्यादा ६५,०००. तीन वर्षांत ६०,००० संपले, चौथ्या वर्षी ५,००० च उरतात. बाकीचे १५,००० कुठून येणार, याबद्दल पत्र गप्प होतं, कारण पत्र एका वर्षाचं असतं आणि पदवी चार वर्षांची. भाऊजींनी ते ऐकल्यावर पत्र उलटून मागची बाजूही पाहिली. तिथे काही नव्हतं.

पॅरेंट प्लसचा व्याजदर २०२५-२६ साली ८.९४ टक्के होता, आणि शिवाय कर्ज देतानाच चार टक्क्यांहून जास्त शुल्क कापून घेतात. ६५,००० वर त्या दराने, नियमाप्रमाणे २० वर्षांच्या मुदतीने, महिन्याला साधारण ५८२ डॉलर हप्ता येतो. एकूण फेड १,३९,००० च्या वर. आणि या नव्या पॅरेंट प्लसला कमाईनुसार हप्त्याचा रस्ताच नाही. भाऊजी आता ५१ वर्षांचे आहेत. भाची पदवीधर होईल तेव्हा ५५, शेवटचा हप्ता भरतील तेव्हा ७५.

“मी भरेन ना बाबांचा हप्ता,” भाची म्हणाली. तिच्या मनातलं खरं होतं, त्यामुळे तोही हिशेब मांडून बघितला. तिचे २३४ आणि बाबांचे ५८२ मिळून ८१६. पहिला पगार वर्षाला ३८,००० धरला तर कर वगैरे जाऊन हातात महिन्याला २,६०० च्या आसपास येतात. ८१६ म्हणजे त्यातला ३१ टक्के वाटा. घरभाडं अजून दिलेलं नाही. फक्त स्वतःच्या कर्जाचे २३४ असते तर ९ टक्के. मुलगी तीच, पदवी तीच, इतिहासही तोच. एका हिशेबात ती संग्रहालयात दोन वर्षं कमी पगारावर काम शिकू शकते, दुसऱ्यात तिला जी पहिली नोकरी मिळेल ती धरावी लागते. आणि मग चाळिशीतला तो चढ तिच्या वाट्याला येईलच असं नाही, कारण तो चढ अशाच सुरुवातीच्या, कमी पैशांच्या पण योग्य जागी घालवलेल्या वर्षांवर उभा असतो. जास्त कर्ज खिसा तर रिकामा करतंच, पण पदवी जे दार उघडणार होती तेही बंद करतं. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

खासगी बँकेच्या कर्जाबद्दल थोडक्यात सांगते. त्याला ना कमाईनुसार हप्ता, ना सार्वजनिक सेवेची माफी. बहुतेक वेळा आईवडील जामीन राहावे लागतात. आणि दिवाळखोरीत इतर कर्जं धुऊन निघतात तसं शिक्षणाचं कर्ज सहजी निघत नाही; १९९८ आणि २००५ च्या कायद्यांनी आधी सरकारी आणि मग खासगी शैक्षणिक कर्जाला ते दार जवळजवळ लावूनच टाकलं.

समुपदेशक एक ढोबळ नियम सांगतात: पदवीपर्यंतचं एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नको. नियम वाईट नाही, पण लिबरल आर्ट्ससाठी मी तो आणखी आवळेन. कर्ज मुलीच्याच नावावर, सरकारीच, आणि २७,००० च्या आत. त्यापलीकडचा डॉलर लागत असेल तर ते कॉलेज आपलं नाही, मग त्याचं नाव कितीही मोठं असो. हे माझं मत आहे. काही घरांत आजीआजोबांची मदत असते, कोणाचं स्वतःचं घर फेडून झालेलं असतं, त्यांनी आपलं गणित आपण मांडावं.

इथे उलट बाजूची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आकड्यांना घाबरून मराठी घरं चांगली कॉलेजं यादीतूनच खोडून टाकतात. छापील किंमत आणि पदरचा खर्च यांचा संबंध अनेकदा उलटा असतो. अमेरिकेतली खासगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना छापील फीवर सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात. श्रीमंत कॉलेजांची तर तऱ्हाच वेगळी: मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजने २००८ पासून मदतीच्या पाकिटातलं कर्जच काढून टाकलं, विल्यम्स कॉलेजने २०२२ पासून. केंटकीमधलं बरिया कॉलेज १८९२ पासून शिकवण्याची फीच घेत नाही, त्याबदली सगळे विद्यार्थी कॉलेजात काम करतात. आमच्या टेबलावर तिसरं पत्र होतं ओहायोतल्या एका कॉलेजचं. छापील खर्च तिघांत सगळ्यात जास्त, ८८,०००. ताईने ते पत्र आल्या दिवशीच बाजूला ठेवलं होतं. त्यात ग्रँट होती ७४,०००. पदरचा खर्च १४,०००! राज्याच्या विद्यापीठाचा छापील खर्च २९,०००, ग्रँट ९,०००, पदरचे २०,०००. आणि ज्याने तळाला शून्य लिहिलं होतं त्याचे २८,०००.

२०११ पासून सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला आपल्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ ठेवावाच लागतो. अर्ज करायच्या आधी, अकरावीतच, अर्धा तास बसून आपलं उत्पन्न त्यात भरून बघावं. आकडा तंतोतंत येत नाही, पण दिशा कळते.

राज्याच्या विद्यापीठालाही कमी लेखू नका. तिथे कला आणि विज्ञानाचं स्वतंत्र महाविद्यालय असतं आणि इतिहास तिथेही मनापासून शिकवतात. शिवाय काही सार्वजनिक कॉलेजं मुद्दाम लहान, लिबरल आर्ट्सच्या धर्तीवर चालतात: मिझुरीतलं ट्रूमन स्टेट, न्यूयॉर्क राज्यातलं जेनेसिओ, मेरीलँडमधलं सेंट मेरीज. लहान वर्ग आणि सरकारी फी, ही जोडी तिथे सापडते.

पैशांच्या हिशेबात एक धोका लोक धरतच नाहीत: पदवी पूर्ण न होणं. कर्ज बुडवणारे म्हटले की लाखभर डॉलरचं ओझं घेतलेला माणूस डोळ्यासमोर येतो. प्रत्यक्षात थकबाकीत जास्त सापडतात ते थोडंच कर्ज घेतलेले, कारण त्यातले कित्येक जण वर्ष-दोन वर्षांत शिक्षण सोडून गेलेले असतात. पदवी नाही, हप्ता आहे. म्हणून स्कोअरकार्डवर कमाईच्या आधी मी पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण बघते. शंभरातले पन्नासच पदवीपर्यंत पोचत असतील, तर बाकी सगळ्या आकड्यांना तेवढीच किंमत द्यायची. आणि कॉलेजची स्वतःची तब्येतही बघायची. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज १८६८ सालचं. २०२४ च्या एप्रिलअखेर त्यांनी बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच सत्राअखेर ते बंद झालं. शिकत असलेल्या मुलांना दुसरीकडे जागा शोधाव्या लागल्या.

नव्या कायद्यात आणखी एक कसोटी आली आहे, ती ध्यानात ठेवा. एखाद्या कॉलेजातला एखादा विषय शिकलेल्यांची पदवीनंतरच्या चौथ्या वर्षीची मध्यक कमाई, त्या राज्यात फक्त हायस्कूलच्या, म्हणजे बारावीपर्यंतच्या शिक्षणावर काम करणाऱ्या २५ ते ३४ वयाच्या लोकांपेक्षा कमी पडली, आणि तीन वर्षांत दोनदा असं झालं, तर त्या अभ्यासक्रमाला सरकारी कर्ज मिळणं बंद होणार. चार वर्षांवर कमाई मोजणं हे उशिरा फळणाऱ्या विषयांवर थोडं अन्यायाचंच आहे. तरी कॉलेजला सरळ विचारावं: आमचा विषय या कसोटीत कुठे बसतो?

पुढच्या पदवीचा बेत असेल, तर तो आजच हिशेबात धरायचा. पदव्युत्तर शिक्षणासाठीचं ग्रॅड प्लस कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद होतंय. एम.ए. वगैरेंना सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० पर्यंत, वकिलीसारख्या व्यावसायिक पदवीला वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० पर्यंत. ज्या मुलीच्या अंगावर पहिल्याच पदवीचं मोठं कर्ज आहे, तिला वकिलीचं दार दिसतं पण तिथवर जाववत नाही.

आणि पत्रातला आकडा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. मदतीचा अर्ज, फाफ्सा, दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतो. २०२६-२७ साठी २०२४ चं. दरम्यान नोकरी गेली, तास कमी झाले, आजारपण आलं, तर कॉलेजच्या मदत कार्यालयाला कागदपत्रांसह पत्र लिहून फेरविचार मागता येतो, आणि कायद्याने त्यांना तसा अधिकार आहे. आपल्या लोकांना हे मागायला संकोच वाटतो. वाटू देऊ नका.

भाचीने एप्रिलमध्ये आणखी एक काम स्वतःच्या डोक्याने केलं. तिन्ही कॉलेजांच्या इतिहास विभागांना एकच ईमेल पाठवली: २०१९ साली तुमच्याकडून पदवी घेतलेले आता काय करतात, नावं नकोत, फक्त कामं सांगा. शून्यवाल्या कॉलेजने माहितीपुस्तिका पाठवली. राज्याच्या विद्यापीठाने चार ओळींचं सभ्य उत्तर दिलं. ओहायोच्या विभागप्रमुख बाईंनी स्वतः टाइप केलेली १४ जणांची यादी आली: तीन शाळाशिक्षक, दोन वकील, एक विमा कंपनीत जोखीम तपासणारी, एक शहराच्या नियोजन खात्यात, एक अभिलेखागारात, एक अजून पीएच.डी. करणारा, दोन ना-नफा संस्थांत निधी उभा करणाऱ्या, एक बँकेत, एक स्वतःची छोटी बेकरी चालवणारी, आणि एका ओळीत लिहिलं होतं, ‘सध्या आईची काळजी घेते, अधूनमधून संपादनाचं काम’. ताईने ती यादी दोनदा वाचली.

३० एप्रिलला भाचीने ओहायोला होकार कळवला. पहिल्या वर्षाचे १४,००० असे: ५,५०० तिच्या नावावरचं सरकारी कर्ज, २,५०० कॉलेजच्या ग्रंथालयातल्या कामाचे आणि ६,००० घरून, महिन्याला ५०० प्रमाणे. पॅरेंट प्लसचा अर्ज भाऊजींनी भरला नाही.